आयआरक्यू ५ अखेर मोकळा झाला!

आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची नंबर दिलेली लाइन, आणि माझ्या जुन्या डॉस पीसीत ५ नंबरची लाइन अडली होती. काल रात्री त्यातलं साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड पहिल्यांदा सलग वाजलं. पूर्ण ट्यून संपेपर्यंत मी खुर्चीतून उठलो नाही.

लक्षण मागच्या अपडेटमधलंच होतं. गेम सुरू झाला की आवाजाचा पहिला तुकडा अडकलेल्या रेकॉर्डसारखा फिरत राहायचा. म्हणजे डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतून कार्डाकडे डेटा नेणं) ठणठणीत, बफर (मेमरीतला आवाजाचा तुकडा) वाचला जातोय, पण तो संपल्याची वर्दी प्रोसेसरला मिळत नाही.

आधी संशय एनई२००० या नेटवर्क कार्डावर होता, कारण ते लाइन ३ वर आणि माउसचा कॉम २ (सिरियल पोर्ट) पण तिथेच. जंपर (कार्डावरची सेटिंगची छोटी टोपी) हलवून कार्ड १० वर नेलं. माउसचं अडखळणं थांबलं, आवाज मात्र जैसे थे. मग साउंड कार्ड ७ वर टाकलं तर लगेच वाजलं! कार्ड निर्दोष, घोळ ५ मध्येच. पण माझे दोन गेम ५ शिवाय काही मानत नाहीत, त्यामुळे ७ वर भागणार नव्हतं. एमएसडी (मायक्रोसॉफ्टचा पीसी तपासणी प्रोग्रॅम) तर ५ रिकामा दाखवत होतं. या कामात एमएसडीवर अजिबात विसंबू नका.

शेवटी बूट होताना पॉझ दाबून पीसीआय (नव्या पद्धतीच्या स्लॉटमधल्या) कार्डांची यादी वाचली. तिसऱ्या स्लॉटमधल्या यूएसबी कार्डाला बायोसने (मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमने) ५ देऊन टाकला होता. डॉसमध्ये त्या कार्डाचा ड्रायव्हरच नाही, मग ते गप्प असताना भांडण कसलं? याच प्रश्नात दोन संध्याकाळी गेल्या. उत्तर पोर्ट ४डी० वर मिळालं, तिथला एकेक बिट ० ते ७ पैकी एकेका लाइनची ट्रिगर पद्धत दाखवतो. डॉसच्या डीबग प्रोग्रॅममध्ये तो वाचला तर २० (हेक्स) आलं, म्हणजे बिट ५ चालू. पीसीआयसाठी बायोसने ती लाइन लेव्हल ट्रिगरवर (सिग्नल टिकून असेतोवर हाक) नेली होती आणि साउंड कार्डासारख्या जुन्या पद्धतीच्या आयएसए कार्डाला तर एज ट्रिगर (सिग्नल बदलतो त्या क्षणी हाक) लागतो.

बायोसमध्ये ५ पुढे 'लेगसी आयएसए' निवडलं, कॉन्फिगरेशन डेटा रिसेट केला. परत ४डी० वाचला: ००. ते दोन शून्य बघून झालेला आनंद तुम्हालाच कळेल.

जंपरवाली कार्डं मला म्हणूनच आवडतात, जिथे बसवू तिथेच राहतात.

आता एमपीयू-४०१ हे मिडी संगीताचं कार्ड. आधी ते ५ वर टाकून साउंड ७ वर ढकलायचा विचार होता, तो रद्द. त्याला ९ द्यायचा. आणि हे लिहितानाच सुचलं, कार्ड बसवायच्या आधी ४डी१ (८ ते १५ लाइनींसाठीचा तसाच पोर्ट) वाचायला हवा. तिथे बिट १ चालू असेल तर ९ पण आधी राखून ठेवावा लागेल. केस अजून उघडीच आहे, आत्ताच बघतो.