साधे की पॉवर

परभणीत पेट्रोल महाग मिळते, ही आता कोणाला बातमीही वाटत नाही. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून टँकर तीनशेहून अधिक किलोमीटर धावत येतो आणि त्या धावण्याचे भाडे शेवटी आपल्याच खिशातून जाते. अशा गावात पंपावरचा पोरगा झिरो दाखवता दाखवता ‘काका, साधं का पॉवर?’ असे विचारतो, तेव्हा लिटरमागे आणखी सात-आठ रुपये मोजावेत की नाही, याचे उत्तर नोझल टाकीत जाण्याआधी द्यावे लागते. मागे रांग असते. बहुतेक जण त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे उत्तर देतात.

‘पॉवर’सारख्या जास्त ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलमध्ये ताकद जास्त असते, हा समज आपल्याकडे पक्का रुजलेला आहे. प्रत्यक्षात ऑक्टेनचा आकडा ताकद मोजत नाही. पेट्रोलला किती दम धरवतो, ते मोजतो. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते व दाबले गेल्यामुळे तापते. ठिणगी पडल्यावर ज्योत एका बाजूने दुसरीकडे शिस्तीत पसरत जावी आणि तिची वाट न पाहता उरलेले मिश्रण आपसूक पेटू नये, एवढीच इंजिनाची अपेक्षा असते. आयसो-ऑक्टेन हा दम धरणारा पदार्थ, त्याला 100 गुण. हेप्टेन हा उतावळा, त्याला शून्य. 91 ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे 91 भाग पहिला आणि 9 भाग दुसरा अशा मिश्रणाइतका धीर धरणारे पेट्रोल. लिटरभर इंधनातून किती उष्णता मिळेल, याविषयी हा आकडा अवाक्षरही काढत नाही.

आता आपल्या रस्त्यांवरची शंभर सीसीची गाडी घ्या. तिच्यात मिश्रण जेमतेम नऊ-दहा पट दाबले जाते आणि तेवढा दाब साधे पेट्रोल सहज सोसते. ठिणगी कधी पडायची, याचा हिशेब कंपनीने आधीच बसवून दिलेला असतो आणि पेट्रोल बदलले हे ओळखून तो हिशेब बदलण्याची सोय या गाड्यांत सहसा नसते. त्यामुळे जादा ऑक्टेन त्या इंजिनातून आले तसे निघून जाते. तरीही लग्नसराईत लांबच्या गावी निघालेले लोक हौसेने ‘पॉवर टाक’ म्हणतात. त्यामागची भावना मला ओळखीची आहे. पोळ्याच्या आधी बैलाला सरकी पेंड वाढवून घालणाऱ्या घरांतलीच ती माणसे आहेत. फरक इतकाच की पेंड बैलाच्या अंगी लागते.

जिथे हा आकडा खरोखर कामाला येतो, ती जागा वेगळी आहे. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या पुतण्याकडे केटीएमची 390 ही मोटारसायकल आहे. तिचे कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, बारा-तेराच्या दरम्यान आहे. मे महिन्यात भर दुपारी, मागे माणूस आणि बॅग घेऊन ती मांजरसुंब्याच्या घाटात चढत असताना वरच्या गियरमध्येच मूठ पिळली, तर डब्यात खडे हलवल्यासारखा बारीक, कोरडा आवाज पायाशी येतो. तेच नॉकिंग. हवा तापलेली, इंजिन तापलेले, फेरे कमी आणि भार जास्त, अशा सगळ्या गोष्टी एका क्षणी जुळून आल्या की मिश्रणाचा धीर सुटतो. एक गियर उतरवला की आवाज बहुधा थांबतो. न थांबला तर मात्र जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घ्यावे आणि त्या वेळी सात-आठ रुपयांकडे पाहू नये, कारण पिस्टन त्याहून पुष्कळ महाग आहे. पुतण्याला मात्र पुण्यात मिळणारे शंभर ऑक्टेन घातल्यावर गाडी ‘स्मूथ’ वाटते. त्याच्याशी मी वाद घालत नाही; त्या पेट्रोलचे पैसे त्याचे वडील देतात.

या सगळ्या हिशेबात अलीकडे उसापासूनही बनणाऱ्या इथेनॉलने नवीच गंमत आणली आहे. साध्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्याही वर असल्याने साध्या पेट्रोलचा आकडाही पंच्याण्णवाच्या घरात गेला आहे. म्हणजे ज्या पंच्याण्णवासाठी आपण जादा पैसे मोजत होतो, तो बहुतांशी साध्यातच येऊन बसला. महागड्यात उरली ती मुख्यतः इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायने. दुसऱ्या बाजूला, लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या धाटणीच्या दुचाकींचे अॅव्हरेज त्यामुळे तीन ते चार टक्क्यांनी उतरेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच दिलेला होता. साठ देणारी गाडी अठ्ठावन्नवर आली, तर पंपवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. लातूर-धाराशिवकडे टँकरने पाणी आणून जगवलेला ऊस शेवटी आपल्याच टाकीत येतो, हा विचार मात्र मला दर उन्हाळ्यात छळतो. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि त्याच पट्ट्यात ऊस आजही घेतला जातो. पण तो राग ऑक्टेनवर काढून उपयोग नाही.

अॅव्हरेजचा खरा हिशेब आमच्या मिस्त्रीकडे असतो. ‘मालक, पेट्रोल ऱ्हाऊ द्या, आधी हवा बघितली का?’ असे म्हणत तो अंगठ्याने मागचे टायर दाबून पाहतो, सुकलेल्या चेनवर तेल सोडतो आणि एअर फिल्टर काढून फरशीवर आपटतो. उसाच्या ट्रॉल्यांमागून महिनाभर गाडी चालवली असेल, तर त्यातून काळ्या मातीची चांगली मूठभर धूळ पडते. ते फिल्टर बदलायला पॉवरच्या दोन-तीन टाक्यांवरच्या जादा पैशांइतकाच खर्च येतो आणि त्याचा फरक गाडी घरी पोहोचायच्या आत कळतो.