वेझले: हिवाळ्यात पाऊणच्या आत चढा

फ्रान्समधल्या वेझले गावच्या बॅसिलिकातले, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमधले, २१ जूनचे कवडसे प्रसिद्ध आहेत. भर दुपारी दक्षिणेकडच्या खिडक्यांतून येणारं ऊन जमिनीच्या मधोमध एका रांगेत पडतं. डिसेंबरात सूर्य माध्यान्हीलाही १९ अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे तेच ऊन समोरच्या उत्तर भिंतीवर, वरच्या स्तंभशीर्षांवर, म्हणजे खांबांच्या कोरीव माथ्यांवर पडतं. गर्दी नसते आणि मानही निवांत वर करता येते. आमच्या मते हाच खेळ जास्त बघण्यासारखा.

घड्याळात तेव्हा साधारण पाऊण वाजलेला असतो. २१ डिसेंबरचाच हट्ट नको; आठवडाभर मागेपुढे सूर्याच्या उंचीत अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही. खरा धोका धुक्याचा, म्हणून हाताशी दोन दिवस ठेवा. दुर्बीण न्या, कारण कोरीवकाम उंचावर आहे. प्रार्थना चालू असेल तर मागेच थांबा. आत दगडाचा गारवा बाहेरच्याहून बोचरा वाटतो, कानटोपी काढायची वेळ आली तरी मफलर राहू द्या.

पॅरिसच्या बेर्सी स्थानकावरून अव्हालोंच्या दिशेची गाडी धरून सेर्मिझेलला उतरायचं. काही गाड्या क्रावां-बाझार्नला दोन भागांत तुटतात, एक भाग क्लामसीला जातो. चुकीच्या डब्यात बसलात तर दिवस गेलाच, तेव्हा चढतानाच डब्याची पाटी वाचा. सेर्मिझेलहून वेझले सुमारे १० किलोमीटर. बसच्या भरवशावर राहू नका, टॅक्सी आधीच ठरवा. रविवारी तर नक्कीच. जेवणही सोबत असावं. हिवाळ्यात निम्मी दारं बंद असतात आणि उघडी असली तरी दुपारी दोननंतर स्वयंपाकघर थंड.

शाँ द फ्वारच्या मैदानापासून एकच चढाचा रस्ता थेट बॅसिलिकापर्यंत जातो. फरशीत शिंपल्याच्या आकाराचे पितळी ठसे दिसतील. ही स्पेनमधल्या सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रेची वाट. ओला चुनखडी दगड साबणासारखा निसटतो, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. वाटेत रोमँ रोलाँ यांचं घर लागतं. गांधी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रं लिहिणारे तेच. तिथलं संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं.

आत शिरल्याबरोबर पुढे धावू नका. प्रवेशदालनाच्या आतल्या दारावरची बाराव्या शतकातली कमान अंधारात असते, डोळे सरावायला पाच मिनिटं द्या. कडेला जगाच्या टोकाचे लोक कोरलेत: सुपाएवढ्या कानांचे, कुत्र्याच्या तोंडाचे. क्टेसियस या ग्रीकाने असले श्वानमुखी लोक चक्क भारतात राहत असल्याचं लिहून ठेवलं होतं! पुढे दक्षिणेच्या बाजूला बायबलमधला मोझेस जात्यात धान्य ओततो आणि संत पॉल पीठ गोळा करतो, ते स्तंभशीर्ष शोधा.

मग भिंतींकडे बघा. वर जाताना त्या बाहेर झुकल्यात. छताच्या दगडी कमानींचा रेटा पेलायला बाहेरून पुरेसा टेकू नव्हता. १८३४ मध्ये लेखक आणि ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे यांनी ही पडझड पाहिली आणि १८४० मध्ये अवघ्या २६ वर्षांच्या व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाकडे दुरुस्ती सोपवली गेली. आज बाहेर दिसणारे कमानदार टेकू त्या कामातले.

दुपारी बॅसिलिकामागच्या गच्चीवरून मोर्व्हांच्या टेकड्या बघून पोर्त सँत-क्र्वा या वेशीतून खाली उतरा. वाट ला कॉर्देलच्या छोट्या चॅपेलपाशी जाते. ३१ मार्च ११४६ रोजी संत बर्नार या मठाधिपतींनी दुसऱ्या धर्मयुद्धाची (क्रुसेडची) हाक याच उतारावर दिली. ओल्या पानांखाली दगड लपलेले असतात आणि सूर्य पाचच्या आधीच मावळतो, म्हणून चारपर्यंत परत वर लागा.