देवाचे गोठणे : एसटीच्या तिकिटात भूतशोध

भूत बघायला राजस्थानात भानगढच्या किल्ल्यावर जाऊन हजारो रुपये घालवायची काही गरज नाही, आणि तसंही तिथे सूर्यास्तानंतर आत सोडतच नाहीत. आम्ही तिघं राजापूर तालुक्यात देवाचे गोठणेला जाऊन आलो. राहणं-खाणं-प्रवास सगळं धरून माणशी दोन हजारांच्या आत बसलं.

हेच गाव का, तर तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेली एक मानवी आकृती आहे आणि तिच्यापाशी होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं. कोकणातल्या ज्या 9 कातळशिल्पांच्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत 2022 साली गेल्या त्यातली ही एक. शिवाय कोकणातला सडा म्हणजे चकव्याच्या गोष्टींचं माहेरघर, प्रत्येक घरात कुणीतरी एक मामा नाहीतर आजोबा असतात ज्यांना या वाट चुकवणाऱ्या भुताने रात्रभर सड्यावर गोल गोल फिरवलं होतं.

जायचं कसं ते आधी सांगतो. रेल्वेने येणार असाल तर राजापूर रोड स्टेशनच्या नावावर जाऊ नका, ते राजापूर गावापासून बरंच लांब आहे. त्यापेक्षा सरळ राजापूर एसटी स्टँड गाठा आणि तिथून गावाची गाडी पकडा. गाड्या मोजक्या, त्यामुळे उतरल्या उतरल्या कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारून ठेवा. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे आमच्यातल्या एकीचा खर्च सगळ्यात कमी झाला आणि ते तिने आम्हाला पूर्ण ट्रिपभर ऐकवलं. गावात भार्गवरामाचं देऊळ आहे, ते निवांत बघा, आणि सड्यावर जायची वाट तिथेच कुणालातरी विचारा.

आता सामानाचं. नेटवर भूत पकडायचे मीटर हजारोंना विकतात आणि फोनवर फुकटची ॲप्स असतात, लाल दिवा लागतो, टूंटूं वाजतं. ही ॲप्स बहुतेक फोनमधला चुंबकीय सेन्सरच वाचतात, तोच जो मॅपमध्ये दिशा दाखवायला वापरतात. आपल्याकडे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण 40 मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं, त्यात फरक पडला की ॲप बोंब मारतं, मग तो फरक फोनच्या कव्हरमधल्या मॅग्नेटने पडो की बाइकच्या सायलेन्सरने. आम्ही साधं ॲप आणि शे-दीडशेचा होकायंत्राचा डबा घेतला, बस. कव्हर काढून टाकलं, किल्ल्या बॅगेत.

सकाळी सड्यावर पोचलो. आकृती पायाखालीच येते म्हणजे आधी दिसतच नाही, तिरपं ऊन असेल तरच कोरलेल्या रेघांत सावली धरते, म्हणून एकतर सकाळी लवकर जा नाहीतर चार-साडेचारनंतर. होकायंत्र कातळावर ठेवलं आणि इंच इंच सरकवायला लागलो. सुई आधी नुसती थरथरली, मग हळूच वळायला लागली, थोडं पुढे सरकवलं तर अजून भलतीकडे, आणि चार पावलं लांब जाऊन ठेवलं की मुकाट्याने उत्तर. तोच डबा, तीच माणसं. ॲपचा दिवा तर लालच. हे जर रात्री, पडक्या वाड्यात झालं असतं तर आम्ही शपथेवर सांगितलं असतं की कुणीतरी शेजारी उभं होतं.

सड्याच्या जांभ्या दगडात लोहाची ऑक्साइडं भरपूर असतात आणि वीज पडली की असा खडक जागच्या जागी चुंबकित होऊ शकतो, उघड्या सड्यावर विजेला दुसरं उंच मिळणार तरी काय. माझा कल तिकडेच आहे. पण कोरणाऱ्यांनी नेमकी हीच जागा का धरली हा प्रश्न डोक्यातून जात नाही, होकायंत्र तर त्यांच्याकडे नव्हतं.

चकव्यासाठी दुपारी वेगळा प्रयोग केला. सपाट मोकळी जागा बघून डोळ्यांवर रुमाल बांधायचा, फोनवर जीपीएसचा ट्रॅक चालू करायचा आणि 'सरळ' चालायचं, एकाने मागे राहायचं. मी छातीठोकपणे सरळ चाललो होतो, ट्रॅकवर मात्र जिलबी. जान सोमन नावाच्या संशोधकाने 2009 मध्ये हेच दाखवलंय, सूर्य-चंद्र दिसत नसेल तर माणसं नकळत गोल फिरतात आणि डोळे बांधले तर कधी कधी 20 मीटरपेक्षाही लहान वर्तुळात. सड्यावर काळोख्या रात्री ना झाड ना दिवा, मग मामा फिरणारच. मात्र हा प्रयोग कडा, विहीर नाहीतर चिरेखाण जवळ असेल तिथे अजिबात करू नका.

संध्याकाळी ज्या आजोबांच्या पडवीत टेकलो होतो त्यांना ट्रॅक दाखवला. ते बघून नुसते हसले. "चकवा लागला का मंग गुमान बसून ऱ्हायाचा. तमाखू मळायची. फटफटला की वाट दिसते." यापेक्षा चांगला सल्ला कुठल्याही ट्रेकिंगच्या पुस्तकात नसेल. वर जायच्या आधी राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, नारळ ठेवा असंही म्हणाले, आम्ही ठेवला. तपास करायला आलोय म्हणून लोकांच्या देवाशी अकड दाखवायचं कारण नाही, आणि खरं सांगू, नारळ ठेवल्यावरच गोष्टी बाहेर पडायला लागल्या.

रात्री त्यांच्या नातवाला सोबत घेऊन सड्याच्या सुरुवातीपर्यंतच गेलो. टॉर्च फिरवला तर जमिनीलगत दोन लाल निखारे, आमच्याकडे रोखून. मैत्रिणीने माझा दंड असा धरला की वळ उठले. दोन पावलं पुढे गेलो तर निखारे भुर्रकन उडाले, रातवा पक्षी होता, जमिनीवरच बसतो. टिटवी तर रात्रभर ओरडते. आणि गव्हाणी घुबडाची किंकाळी आधी एकदा रेकॉर्डिंगवर ऐकून ठेवा, म्हणजे बाई ओरडली म्हणून पळत सुटणार नाही.

ज्याला खरंच घाबरायचं तो साप म्हणजे फुरसं. रत्नागिरीच्या जांभ्यात ते भरपूर, रंग दगडासारखाच, आणि विषारी. घोट्यापर्यंत बूट, टॉर्च पायाशी, दगडाच्या फटीत हात नाही, 108 नंबर सेव्ह. रेंज कुठे येते ते दिवसाच बघून ठेवा. उन्हाळ्यात जाऊ नका, कातळ भाजून काढतो, पावसाळ्यात शेवाळ आणि गवत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं.

शिल्पावर चपला घालून चढू नका आणि फोटोत उठून दिसावं म्हणून रेघांत खडू, चुना भरू नका, काही ठिकाणी लोकांनी तसं केलेलं बघून डोकं फिरतं. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे वगैरे मंडळींनी वर्षानुवर्षं सडे तुडवून ही चित्रं उजेडात आणलीत. वेळ उरला तर त्याच तालुक्यात बारसूला जा, दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस कोरलाय, तिथेही होकायंत्र फिरवून बघा आणि सुई कुठे वळते ते मला कळवा.