तुम्ही विचारलंत म्हणून: मांडवीला जाऊन राजवाडा न बघता कशी आलीस?

आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण दर वेळी तिथूनच सुरुवात होते. मस्जिद बंदरची मांडवी नाही (१८९६ ला मुंबईत प्लेग पहिल्यांदा सापडला ती), रत्नागिरीचा मांडवी किनारा पण नाही, आणि मांडवी एक्सप्रेसने तर तिकडे जाताच येणार नाही, ती मडगावला जाते. कच्छची मांडवी. मांडवी म्हणजे जकात घ्यायची जागा, त्यामुळे जिथे बंदर तिथे एखादी मांडवी निघतेच. दादरहून सयाजीनगरी पकडायची, सकाळी भुजला उतरायचं, तिथून साठेक किलोमीटर एसटी नाहीतर जीप. झालं.

आता तुमचा प्रश्न. सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीत, नणंदेच्या घरी, अगदी ऑफिसात ऑडिटला आलेल्या पोरीने पण विचारला. चार दिवस त्या एवढ्याशा गावात होतीस आणि विजय विलास पॅलेस नाही बघितलास? जिथे शूटिंगं झाली तो? मग केलंस काय तिथे? कधी मी म्हणाले वेळ नाही मिळाला, कधी म्हणाले बंद होता, एकदा तर म्हणाले की बघितला, ठीक आहे, काही एवढा नाही. हे शेवटचं नणंदेला सांगितलं आणि ती यंदा जाऊन आली, फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "तू म्हणालीस तसा अजिबात नाहीये गं, मस्त आहे." तेव्हापासून ठरवलं की एकदा नीट लिहून टाकायचं.

केलं काय, तर पहिले दोन दिवस खाल्लं आणि चालले. दाबेली ही मांडवीचीच, १९६० च्या दशकात केशवजी गाभा चुडासमा यांनी तिथे सुरू केली असं म्हणतात, आणि आपल्याकडे गाडीवर "कच्छी दाबेली" असं रंगवलेलं असतं तसं तिथे कुठे दिसलं नाही, साहजिकच आहे म्हणा, कोल्हापुरात कोण कोल्हापुरी मिसळ म्हणतं. काही जण तर अजून डबल रोटीच म्हणतात. मसाला आपल्यापेक्षा कमी गोड होता, शेंगदाणे खरंच तिखट. दुसऱ्या दिवशी क्रांतितीर्थला, म्हणजे श्यामजी कृष्ण वर्मांच्या स्मारकाला गेले. हे क्रांतिकारक श्यामजी मांडवीचे, जन्म १८५७ चा. सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले ते ज्या शिष्यवृत्तीवर, ती श्यामजींमार्फत मिळालेली, टिळकांच्या शिफारशीने, हे शाळेत पाठ केलेलं. पण श्यामजींचं लंडनचं इंडिया हाउस, म्हणजे भारतीय विद्यार्थ्यांचं वसतिगृह, जसंच्या तसं मांडवीबाहेरच्या माळावर बांधलंय हे माहीत नव्हतं. लाल विटांचं, उतरत्या छपराचं विलायती घर आणि आजूबाजूला बाभळी, ऊन आणि धूळ. आत त्यांच्या अस्थी आहेत, १९३० मध्ये जिनिव्हात गेले आणि अस्थी घरी यायला २००३ उजाडलं. मी तिथे बराच वेळ बसले. हे कोणी विचारत नाही.

राजवाडा तिसऱ्या दिवशी ठेवला होता. दुपारी जेवून जायचं, संध्याकाळी तिथूनच बीचवर. सकाळ रिकामी होती म्हणून नदीवर गेले.

रुक्मावती म्हणतात तिला. ओहोटीला नुसता चिखल, आणि त्या चिखलाच्या काठावर, रस्त्याला अगदी लागून, लाकडी जहाजं उभी. चारशे वर्षांपासून तिथे जहाजं बांधतात आणि अजून बांधतात, म्युझियममध्ये नाही, रस्त्याच्या कडेला, समोर पंक्चरवाला. वास्को द गामाला आफ्रिकेहून इकडची वाट दाखवणारा कानजी मालम इथलाच असं तिथे सांगतात, इतिहासवाल्यांचं त्यावर काही एकमत नाही, पण त्या लाकडाखाली उभं राहिलं की वाद घालावासा वाटत नाही. तीन-चार मजल्यांची बिल्डिंग आडवी करून ठेवावी एवढं मोठं. बरगड्या बाभळीच्या, मुळातच वाकडी वाढलेली फांदी हुडकून तिचा बाक जिथे बसेल तिथे बसवायची, बाहेरच्या फळ्या मलेशियाहून येणाऱ्या लाकडाच्या. दोन फळ्यांमधल्या फटीत एकजण कापसाची वात ठासत होता, बोथट छिन्नी आणि लाकडी हातोडा, ठक ठक ठक, मग वीतभर सरकायचा. सबंध जहाजाच्या सगळ्या फटी अशा भरायच्या. दोन-तीन वर्षं लागतात म्हणाले एका जहाजाला, मग ओढून दुबईला नेतात आणि इंजिन तिथे बसतं. जहाजाला ते वहाण म्हणतात, आपल्याला वाटतं पायातल्याबद्दल बोलतायत. कप्तान तो नाखुदा, आपल्याकडचा नाखवा हाच. मी अशा गोष्टींनी फार खूश होते.

आता ते सांगते.

फटी भरणारे काका साठीच्या पुढचे असतील. नाव सांगत नाही. मला बेन म्हणत होते, हिंदी-गुजराती मिसळून बोलत होतो. दीड वाजता बाकीचे जेवायला गेले आणि काका सावलीत डबा उघडून बसले. मी म्हणाले, वर जाता येईल का, वरून एक फोटो घ्यायचाय.

परत आल्यावर ग्रुपवर मी जे लिहिलं ते तुम्हाला आठवत असेल, "इतके प्रेमळ लोक, स्वतःहून वर नेऊन जहाज दाखवलं!" खाली तो फोटो, डेकवरून नदीचा, एकशे चाळीस की काय लाइक. स्वतःहून नाही नेलं. मी तीनदा विचारलं. पहिल्यांदा ते म्हणाले नको, शिडी पक्की नाही. दुसऱ्यांदा नुसते हसले. तिसऱ्यांदा मी म्हणाले, काका मी मुंबईहून एवढ्या लांब आले हो, आणि त्यांनी डबा बंद केला. अर्धी भाकरी तशीच ठेवून. हा डबा बंद करतानाचा आवाज मी वर्षभर कुठल्याही हकिगतीत सांगितलेला नाही.

माझी बाजू पण ऐका. तिथे गेट नव्हतं, पाटी नव्हती, आदल्या दिवशी दोन फॉरेनर वर चढलेले मी स्वतः बघितले होते. मी काही उड्या मारणाऱ्यातली नाही, ठाण्यात लिफ्ट बंद असली तर सातव्या मजल्यावर चढते. आणि नको म्हणायचं होतं तर त्यांनी नको म्हणायचं ना ठामपणे, एवढं काय. हे मी स्वतःला खूपदा म्हणून बघितलंय. मग लगेच आठवतं की नको म्हणाले होतेच की.

शिडी म्हणजे दोन वासे आणि त्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. चढताना काही झालं नाही. वर पाच मिनिटं होते. उतरताना काका माझ्या आधी उतरत होते, म्हणजे मी पडले तर खाली ते, आणि एक हात वर करून माझी सँडल प्रत्येक पट्टीवर धरून बसवत होते, असं कोणी माझा पाय लहानपणानंतर धरलेला नाही. मधेच माझी ओढणी खिळ्यात अडकली. मी ओढली. ती सुटली, माझा तोल गेला, त्यांनी दुसरा हात पण माझ्यासाठी सोडला, आणि ते गेले खाली. फार उंचावरून नाही, माझ्याएवढ्या उंचीवरून. खाली लाकडाच्या ढलप्या आणि ओंडके पडलेले.

आधी हसले. उठून बसले, टोपी शोधली, घातली. मग उजव्या मनगटाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मनगट बघता बघता सुजलं. त्यांनी काय केलं, तर डाव्या हाताने छिन्नी उचलली, हातोडा उचलला, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला, पेटी बंद केली. मग म्हणाले, चलो.

दोन पोरं त्यांना बाइकवर मधे बसवून घेऊन गेली, मी मागून छकड्यात, म्हणजे तिकडच्या तीनचाकी रिक्षात. दवाखान्यात एक्स-रे निघाला, हाड मोडलेलं. प्लास्टर, सहा आठवडे, मग बघू. डॉक्टरांनी मला विचारलं आप कौन, मी म्हणाले टुरिस्ट, आणि त्यांनी कागदावर काहीच लिहिलं नाही. बिल मी भरलं. तेवढ्यात काकांचा भाचा आला, विशीचा असेल, चिडला नव्हता, मला वाटलं होतं चिडेल. मी विचारलं, रोजी किती? त्याने सांगितली.

आता बघा, हिशेब करणं हा माझा पोटाचा धंदा. एटीएमच्या लाइनीत उभी राहून मी मोबाइलवर केला, रोजी गुणिले सहा आठवड्यांचे दिवस, रविवार वजा की नाही यावर पण थांबले मी, वजा केले. चौतीस हजारांच्या आसपास आकडा आला. माझ्या खात्यात तेव्हा याच्या कितीतरी पट होते. मी दहा काढले. का दहा, हे मला तुम्ही कितीही वेळा विचारलंत तरी सांगता येणार नाही. म्हणजे सांगता येतं पण प्रत्येक वेळी वेगळं. मालक देईलच की थोडे. एकदम जास्त दिले तर त्यांना अपमान वाटेल. मुद्दाम थोडंच पाडलंय. परतीच्या प्रवासाला लागतील. यातलं शेवटचं तर धडधडीत खोटं, परतीचं तिकीट काढलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात मी साडेसहा हजारांची बांधणीची साडी घेतली, जी मंजूच्या लग्नात तुम्ही सगळ्यांनी हात लावून बघितलीत आणि केवढ्याला म्हणून विचारलंत.

पैसे भाच्याने घेतले, मोजले नाहीत. काका बाकावर प्लास्टर वाळायची वाट बघत बसले होते. मी काहीतरी सॉरी वगैरे म्हणत होते, हिंदीत सॉरी म्हणून म्हणून किती म्हणणार. तर ते म्हणाले, "जाओ बेन, पैलेस बंद हो जाएगा." सकाळी मी त्यांना बोलता बोलता सांगितलं होतं ना, दुपारी राजवाडा बघणार म्हणून. त्यांच्या लक्षात होतं.

तर नाही गेले राजवाड्याला. कशी जाणार होते? पण यात काही मोठेपणा नाही, कारण चौथा दिवस पूर्ण मोकळा होता, आणि तो मी वर सांगितलं तसा बाजारात घालवला. नदीच्या रस्त्याने गेले नाही. लांबून, पुलावरून गेले, आणि पुलावरून पण दुसरीकडे बघत.

माझी मैत्रीण, जिला एकटीलाच हे आधी माहीत होतं, ती म्हणते तू उगाच लावून घेतेस, अपघात होता, तू दवाखाना केलास, दहा हजार दिलेस, दुसरी पळून गेली असती. बरोबर आहे. वर्षापूर्वीची मी पण हेच म्हणत होते, आणि ती मी काही मूर्ख नव्हती. पण मग ग्रुपवर तो फोटो कशाला टाकला? अपघात होता तर अपघात म्हणून सांगायचा. तो फोटो झूम करून बघितलात कोणी? खाली डाव्या कोपऱ्यात शिडीचं टोक आलंय, आणि त्यावर चार बोटं आहेत. मी शिडी हलू नये म्हणून त्यांना धरून ठेवायला सांगितलं होतं. क्रॉप करायची राहून गेली. आता काढू म्हणते तर तेही जमत नाही, काढला की तुम्ही विचारणार का काढला.

भाच्याचा नंबर आहे माझ्याकडे, "मांडवी" या नावाने सेव्ह केलेला. उरलेले चोवीस जीपेने पाठवायला दोन मिनिटं लागतात. दोनदा आकडा टाइप करून झालाय. वर्षाने असे पैसे आले की समोरच्याला काय वाटतं हे मला कळत नाही, की हेही परत न पाठवायचंच कारण आहे, तेही कळत नाही. सयाजीनगरीचं तिकीट पण एकदा काढलं आणि कॅन्सल केलं, कॅन्सलेशनचे पैसे कटले ते मात्र बिनबोभाट सोसले.

परवा त्या भाच्याचा डीपी बदलला. आधी कुठला तरी हिरो होता, आता जहाज आहे, पाण्यातलं, पताका लावलेलं. मी गेले तेव्हा त्याच्यावर नाव रंगवलेलं नव्हतं, आता आहे, पण डीपी एवढासा, मोठा केला की अक्षरं फुटतात. तेच जहाज आहे की दुसरं, तेही सांगता येत नाही, तिथे तेव्हा चार-पाच उभी होती. काठावर माणसं दिसतात, बरीच, एकाच्या डोक्यावर टोपी आहे, पण टोप्या तिथे कितीतरी जण घालतात.

दाबेलीचा मसाला कुठून आणला ते खाली विचारा, सांगेन. राजवाड्याचं नणंदेला विचारा.