बझर ऐकू न येणाऱ्या घरातलं वॉशिंग मशीन

‘काका, मशीन बिघडलेलं नाही, पण तुम्ही या,’ असा फोन आमच्या धंद्यात क्वचितच येतो.

नाशिकरोडच्या जुन्या सोसायटीतलं घर. आई-वडील दोघांनाही ऐकू येत नाही. बोलणं खुणांनी, आणि माझ्यासारख्या परक्यासाठी दहावीतली मुलगी दुभाषी. टॉपलोड मशीन जुनं, पण ठणठणीत. धुणं झालं की ते इमानदारीत बझर वाजवतं, फक्त तो ऐकायला घरात कुणी नसतं. मुलगी क्लासला गेली की आईच्या बाथरूमकडे फेऱ्या सुरू. पावसाळ्यात कपडे आतच कुबट व्हायचे.

मशीन उघडायचं नाही, हे माझं पक्कं होतं. बझरला तारा जोडायच्या नादात बोर्ड गेलं, तर त्या मॉडेलचं दुसरं मिळायची मारामार. त्यापेक्षा मशीन किती वीज ओढतंय ते बाहेरूनच बघावं. वीज मोजणारा १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग घेऊन दुकानातच त्यात टास्मोटा, म्हणजे प्लगला इंटरनेटशिवाय घरातल्या घरात चालवणारं फुकट सॉफ्टवेअर, भरलं होतं. (भरताना प्लग मेन्सला अजिबात जोडलेला नको. आतल्या पिनांवर थेट २३० व्होल्ट येऊ शकतात. व्हिडिओवाले हे वाक्य घाईत उरकतात.) टेस्ट लॅम्पने अर्थिंग तपासलं, प्लग पाण्यापासून लांब, वरच्या बोर्डात बसवला आणि मशीन सुरू केलं.

मोबाइलवर आलेख उघडला. पल्सेटर, म्हणजे तळाची चकती, उलटसुलट फिरायला लागला तशी रेघ करवतीच्या दात्यांसारखी साडेतीनशे वॉटपर्यंत वरखाली व्हायला लागली. मग एकदम सपाट. ३ वॉट.

बाईंनी झाकणावर तळहात टेकवला, मान हलवली आणि बोटं बादलीत बुडवल्यासारखी केली. मुलगी म्हणाली, ‘आई म्हणते, झालं नाही, भिजत घातलंय. आधी ती इथेच फसायची.’

मग आमची जुगलबंदीच लागली. त्या हात ठेवून सांगणार, मी आकडा बघणार. त्यांनी नळाची खूण केली, तर आकडा ९ वॉट; पाण्याचा व्हॉल्व्ह उघडलेला. स्पिनच्या आधी मोटर थांबून पाणी सोडलं जातं, तेही त्यांनी अचूक पकडलं. मी जन्मभर कानाने मशीन ओळखत आलोय. हा प्रकार नवीन होता.

त्यांच्याच हिशेबाने नियम बसवला. भिजवणं सातेक मिनिटांचं, म्हणून आकडा सलग १० मिनिटं ५ वॉटखाली राहिला तरच काम झालं समजायचं आणि स्वयंपाकघरातला बल्ब निळा लुकलुकवायचा. बल्बही टास्मोटावरचाच, त्यामुळे राउटर चालू असला की पुरे, इंटरनेट गेलं तरी अडत नाही. लाइट जाऊन आली की प्लग आपोआप चालूच राहील, हेही घालून दिलं. नाहीतर धुणं अर्ध्यात अडकायचं.

बल्ब लुकलुकला तेव्हा बाई चहा गाळत होत्या. गाळणं तसंच ठेवून आधी कपडे काढायला गेल्या.

पैसे घेऊन उठलो, तर त्यांनी शेगडीकडे हात दाखवून तीन बोटं वर केली.

‘आई विचारते, कुकरच्या तीन शिट्ट्यांचं काय?’

गॅसवरच्या कुकरला कुठला प्लग लावणार? मी इंडक्शन शेगडीचं सुचवून पाहिलं. बाईंनी नाक असं मुरडलं, की दुभाष्याची गरजच पडली नाही.