नुसता नंबर देण्यापासून सुरुवात झाली: आमची वाटचाल

फर्म म्हणावं असं सुरुवातीला काही नव्हतंच. मी बांधकाम साईटवर सुपरवायझर होतो, दिवसभर गवंडी, प्लंबर, वायरमन, फरशीवाले यांच्यातच असायचो, त्यामुळे ओळखीचे लोक विचारायचे की अरे एखादा चांगला माणूस सांग ना, बाथरूम गळतंय, आणि मी नंबर द्यायचो. एवढंच. पण व्हायचं काय, काम बिघडलं की फोन कारागिराला नाही, मला यायचा. कारागीर म्हणायचा मला जेवढं सांगितलं तेवढं मी केलं, घरवाले म्हणायचे आम्हाला काय कळतं त्यातलं, आणि दोघंही खरंच बोलत असायचे. मधे कुणीतरी हवं होतं जे आधी घर बघेल, नक्की काय करायचंय ते ठरवेल आणि मगच योग्य माणसाला बोलवेल. ते काम आपण करायचं असं ठरवलं आणि नोकरी सोडली.

आमचं नाव झालं ते ओल शोधण्यावर. भिंतीला पोपडे आले की लोक आधी रंगाऱ्याला बोलावतात, तो बिचारा खरवडतो, पुट्टी भरतो, दोन हात मारतो, भिंत छान दिसते आणि काही महिन्यांत तिथेच परत पोपडे. यात रंगाऱ्याची काय चूक, पाणी कुठून येतंय हे शोधायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आम्ही गेल्या गेल्या हत्यार काढत नाही, प्रश्न विचारतो. डाग फक्त पावसाळ्यात वाढतो का? मग बाहेरची भिंत, खिडकीच्या कडा, गच्ची बघायची. अंघोळी झाल्यावर तास दोन तासांनी वाढतो का? मग ड्रेनेजचा पाईप, ट्रॅप (म्हणजे फरशीच्या जाळीखालचं भांडं, ज्यातून पाणी पाईपात जातं) किंवा फरशीच्या फटी. आणि घरात कुणी नसताना, नळ बंद असतानाही वाढतोच आहे तर मग प्रेशरची लाईन, म्हणजे सप्लायचा पाईप. अशा वेळी सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर फिरतंय का ते बघायचं, फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय हे नक्की.

एका घरी तर वरच्या मजल्यावरच्या लोकांनी अख्खं बाथरूम फोडायची तयारी करून ठेवली होती, फरश्या पण बघून आले होते, कारण खालच्यांच्या छताला मोठा डाग. आमच्या गवंड्याने आधी ट्रॅपचं तोंड चिंधीने बंद करून फरशीवर रंग घातलेलं पाणी साठवलं आणि थांबला, खाली काही नाही. मग चिंधी काढून पाणी सोडलं आणि थोड्या वेळात खाली डागाच्या मधोमध तोच रंग. म्हणजे फरशी ठीक होती, ट्रॅप आणि पाईपचा जोड सुटला होता. तेवढाच चौकोन फोडला, जोड बदलला, भोवतीने वॉटरप्रूफिंग केलं, काम संपलं. आमचं बिल अर्थातच खूप कमी झालं, पण त्या दोन्ही घरांनी नंतर जेवढी कामं पाठवली तेवढी कुठल्या जाहिरातीने आली नाहीत.

जिथे पूर्ण बाथरूम करायचंच असतं तिथे मात्र आम्ही घाई अजिबात करू देत नाही. वॉटरप्रूफिंग झालं की पाणी तुंबवून निदान २४ तास, शक्यतो ४८ तास ठेवायचं आणि खालून बघायचं, त्याच्या आधी एकही फरशी लागणार नाही. भिंतीतले पाईप पण झाकायच्या आधी प्रेशर टेस्ट करूनच, म्हणजे दाबाने पाणी भरून कुठे गळतंय का ते बघून. ढाळ मीटरला साधारण १ सेंटीमीटर तरी ट्रॅपकडे हवा, आणि तो डोळ्यांनी बघून नाही, लेव्हल लावून. फरशी बसल्यावर आमचा फरशीवाला प्रत्येक फरशीवर थापीच्या मुठीने हळूच ठोकत जातो, भरीव आवाज आला तर पुढे, पोकळ आला तर ती फरशी त्याच दिवशी उचलायची. नवीन प्लास्टरला पण किमान ७ दिवस पाणी मारायचं आणि मग ते नीट सुकू द्यायचं, ओल्या प्लास्टरवर रंग लावून आम्ही देत नाही, गिऱ्हाईकाने कितीही सांगितलं की घरात कार्य आहे तरी. त्यावरून काही कामं हातची गेली. गेली तर गेली.

लाईटच्या कामात तर मी जास्तच कडक आहे. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच, सारखी पडते, मोठ्या अँपिअरची टाकून द्या ना, असं खूप लोक सांगतात. एमसीबी ही वायरला सांभाळायला असते, आत वायर तीच जुनी बारीक ठेवून नुसती एमसीबी मोठी केली तर वायर तापत राहते आणि एमसीबी पडतच नाही, यातून आग लागू शकते. त्यामुळे आधी लोड बघायचा, गिझर, एसी यांची लाईन वेगळी आहे का बघायचं. आणि अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, लावायची, कारण शॉकपासून माणसाला वाचवण्याचं काम तिचं आहे, एमसीबीचं नाही.

भिंत पाडायची असेल आणि कॉलम, बीम किंवा लोड घेणाऱ्या भिंतीचा थोडा जरी संबंध असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर आल्याशिवाय आमचा माणूस हातोडा उचलत नाही.

लेखी कागदाची पद्धत माझ्या बायकोने आणली, हिशोब सगळा तीच बघते. घरकामात भांडणं होतात ती बहुतेक वेळा न बोललेल्या गोष्टींवरून. काम रोजावर आहे की उक्तं? मजुरीत मटेरियल धरलंय का? डेब्रिज कोण उचलणार? "आलाच आहात तर एवढं पण करून टाका" हे तर प्रत्येक घरात होतंच, सुतार कपाटाला आलेला असतो आणि त्याला तीन दरवाजे, एक मोरीची चौकट पण बघायला लागते, आणि शेवटी पैसे देताना म्हणतात ते तर किरकोळ होतं. आता किरकोळ पण लिहिलं जातं, रेट ठरतो, घरमालक हो म्हणतात, मगच हात लागतो. अॅडव्हान्स मटेरियलपुरता, पुढचे पैसे टप्प्याटप्प्याने, आणि शेवटचा थोडा हप्ता घरात वापर सुरू झाल्यावर घ्यायचा. पाईप आणि वायर भिंतीत झाकायच्या आधी मोजायची टेप लावून फोटो काढतो आणि काम झाल्यावर ते घरमालकांना देऊन टाकतो, पुढे कधी खिळा ठोकायचा झाला तर दुसऱ्या कुणालाही उपयोगी पडतील.

आणि कारागिरांचे पैसे मात्र आम्ही गिऱ्हाईकाच्या पेमेंटसाठी अडकवून ठेवत नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. साईटवर असताना मी बघितलंय, चांगला हात असलेली माणसं आठवडे-आठवडे पैशासाठी फेऱ्या मारायची, मग एक काम अर्धं सोडून दुसरीकडे रोजावर जायची आणि लोक म्हणायचे कारागीर सांगून येत नाहीत. ज्याच्या घरी संध्याकाळी पैसे पोचतात तो सकाळी वेळेवर येतोच, आमच्याकडे जुनी माणसं टिकली ती यामुळे. हेल्मेट, हँडग्लोव्हज, पक्की शिडी आमच्याकडून. आणि आत्ता आमच्यासोबत माल कालवणाऱ्या दोन बायका ग्राऊटिंग (फरश्यांमधल्या फटी भरणं) आणि फरशी कापणं शिकल्यात, त्यातली एकजण आता भिंतीच्या टाईल्स स्वतः लावते आणि तिच्या रेषा बघाल तर जुन्या फरशीवाल्यांच्या तोडीच्या. तिला मजुरी पण आता मिस्त्रीच्या रेटनेच देतो.

सध्या कामं भरपूर आहेत आणि माणसं मोजकी, त्यामुळे तारीख उशिराची मिळते हे आधीच सांगतो. तोपर्यंत एक करा, डागाचा फोटो काढून त्याच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका आणि तो कधी रेघेच्या बाहेर जातो ते लिहून ठेवा, पाऊस पडल्यावर, अंघोळीनंतर, की रात्रभर नळ बंद असताना. आम्ही आलो की पहिलं तेच विचारणार आहोत.