ठरावातली एक ओळ

देवगड तालुक्यात मी ग्रामसेवक होतो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. आमच्या आराखड्यात त्यापुढे वर्षानुवर्षं एकच ओळ: ‘दिव्यांग लाभार्थ्यांना साहित्य वाटप’. वाटप म्हटलं की वस्तू आली, आणि वस्तू आली की फोटो. त्यापलीकडे कोणी विचार करायचंच नाही.

त्या ग्रामसभेत मी ही ओळ वाचली आणि खालून आवाज आला, “थांबा भाऊनु.” लहानपणी पोलिओ झालेल्या, कुबड्यांवर चालणाऱ्या एक ताई अंगणात उभ्या होत्या. ग्रामपंचायतीच्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं, त्यामुळे त्यांची सभा नेहमी अंगणातच.

“सायकल माका मागच्या खेपेक दिलास. घराकडसून पाखाडी उतरान येवचा लागता, सायकल खय चालवू? माझो पाय तसोच रवतलो. पायऱ्यांचा काय ता बघा.” पाखाडी म्हणजे पायऱ्यापायऱ्यांची वाट.

एक सदस्य म्हणाले, “बिचारीचं खरं आहे, पण एकट्या माणसासाठी एवढा खर्च?” गावात अर्धी माणसं साठीच्या पुढची, गुडघे धरून चढणारी, आणि तरी हा प्रश्न!

मी कपाटातून दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा काढून वाचला. 1995 च्या कायद्यात दिव्यांग व्यक्ती म्हणजे किमान 40 टक्के अपंगत्वाचा दाखला असलेली व्यक्ती. सवलतींसाठी ती अट आजही आहे. पण 2016 च्या कायद्याच्या व्याख्येत दीर्घकालीन व्यंगासोबत समोरचे अडथळेही आले. दोन्ही मिळून माणसाचा समाजातला सहभाग रोखतात, असं तो म्हणतो. हे मला फार मोलाचं वाटतं. पाय कोणामुळे अधू झाला हे विचारून उपयोग नाही, पायऱ्या मात्र आम्हीच बांधल्या होत्या. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला कायद्याने दिलेली पाच वर्षांची मुदतही 2022 मध्ये संपली होती.

‘साहित्य वाटप’ खोडून ‘इमारतीतील अडथळे दूर करणे’ असं लिहिलं. नुसतं ‘रॅम्प’ लिहिलं नाही. जोतं अडीच फूट उंच. ठेकेदार दहा फुटांत उतार बसवून मोकळा झाला असता आणि कोकणातल्या पावसात त्यावरून कोणीही घसरलं असतं. म्हणून ‘1:12 उतार, खरबरीत पृष्ठभाग, दोन्ही बाजूंना कठडा’ असं ठरावातच घातलं. म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. त्यामुळे तीस फूट लांबी लागली, अंगणात वळण घ्यावं लागलं. ठेकेदार कुरकुरला, पण ठरावाबाहेर त्याला जाता येईना.

पुढच्या आराखड्यात ताईंनी शाळा आणि अंगणवाडीच्या पायऱ्या लिहून घ्यायला लावल्या.